वकील कुणाचा, दार कुणाचं?

आठवीच्या वर्गात 'वकिलात' हा शब्द आला की दरवर्षी कुणीतरी हमखास विचारतं, "टीचर, वकिलात म्हणजे वकिलांचं ऑफिस का?" वर्ग हसतो. मी मात्र हसत नाही, कारण विचारणारा अगदी बरोबर रस्त्यावर असतो. आज वकील म्हटलं की काळा कोट डोळ्यांसमोर येतो, पण आपल्याकडे या शब्दाचा जुना अर्थ वेगळा होता. एका दरबाराने दुसऱ्या दरबारात आपली बाजू मांडायला ठेवलेला माणूस म्हणजे वकील. पेशव्यांचे वकील दिल्लीत असत, हैदराबादेत असत, आणि त्यांचे इतरांचे पुण्यात. अरबीतून फारसी, फारसीतून उर्दू आणि मराठी, असा प्रवास करत शब्द आपल्यापर्यंत आला. ज्याच्यावर आपलं काम सोपवून निर्धास्त होता येतं, तो वकील.

यावर मुलांना मी पुढचा प्रश्न विचारते. "तुमचा वकील कोण असावा, हे दुसऱ्याने ठरवलं तर?" वर्ग गप्प होतो. या लेखात त्याच प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. उदाहरण कुवेतचं घेते. आपल्या कोकणातल्या किती घरांची चूल त्या देशावर पेटली हे वेगळं सांगायला नको. पण तिथला इतिहास आपल्याला विमानतळ, कफील आणि दिनारचा भाव यापलीकडे फारसा माहीत नसतो.

आधी पुण्याची आठवण करून देते. १३ जून १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांशी तह करावा लागला. त्या तहात मुलूख गेला, किल्ले गेले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण एक कलम असं होतं की पेशव्यांनी इतर दरबारांत आपले वकील ठेवायचे नाहीत आणि इतरांचे वकील पुण्यात ठेवून घ्यायचे नाहीत. जे काही बोलायचं ते इंग्रज रेसिडेंटमार्फत. वर्षभरात पेशवाई संपली. लढाई हरण्याआधी तोंड बंद झालं होतं, असं मला हे कलम वाचताना नेहमी वाटतं.

हेच कलम ब्याऐंशी वर्षांनी समुद्रापार गेलं. २३ जानेवारी १८९९ रोजी कुवेतचे शेख मुबारक अल सबाह यांनी ब्रिटिशांशी एक करार केला. करार गुप्त होता. ब्रिटिशांच्या बाजूने सही करणारा लेफ्टनंट कर्नल मीड हा इराणच्या बुशहर बंदरात बसणारा पॉलिटिकल रेसिडेंट होता. हा रेसिडेंट लंडनचा कमी आणि हिंदुस्थान सरकारचा जास्त. १८७३ पर्यंत तर आखाताचा कारभार थेट मुंबई सरकारकडे होता, नंतर तो व्हाइसरॉयच्या सरकारकडे गेला. करारात मुबारक यांनी दोन मुख्य गोष्टी कबूल केल्या. एक, ब्रिटिश सरकारच्या परवानगीशिवाय आपल्या मुलखाचा तुकडा कुणालाही विकायचा नाही, भाड्याने द्यायचा नाही, गहाण ठेवायचा नाही. दोन, ब्रिटिश सरकारच्या आगाऊ मंजुरीशिवाय कुठल्याही सत्तेचा प्रतिनिधी आपल्या राज्यात ठेवून घ्यायचा नाही. आणि हे बंधन स्वतःपुरतं नाही, वारसांसाठीसुद्धा. बदल्यात त्यांना मिळाले १५,००० रुपये. होय, रुपये. आणि सोबत एक पत्र, की शेख करार पाळतील तोवर ब्रिटिश सरकारची सद्भावना त्यांच्या पाठीशी राहील. गंमत पाहा, ज्या कराराला आपण संरक्षणाचा करार म्हणतो त्याच्या कलमांत संरक्षणाची हमीच नाही. ती नीट शब्दांत यायला ३ नोव्हेंबर १९१४ उजाडावं लागलं, जेव्हा तुर्कांविरुद्धच्या युद्धात ब्रिटनला शेखची गरज पडली.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्या लोकांत एक सोपं कथानक फार चालतं. भोळा मुसलमान राजा, कपटी गोरा साहेब, आणि फसवणूक. मुबारक भोळे नव्हते. १८९६ मध्ये आपल्या दोन भावांना ठार करून ते गादीवर आले होते. पुतणे सूड घ्यायला टपले होते, बसऱ्याचे तुर्की अधिकारी कुवेत गिळायला बसले होते. ब्रिटिशांचं दार त्यांनी स्वतः ठोठावलं. ब्रिटिशांनाही घाई होती, कारण रशिया आणि जर्मनी दोघांचीही नजर कुवेतच्या बंदरावर होती. बर्लिनहून बगदादकडे निघालेल्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन तिथे व्हावं अशी जर्मनांची इच्छा होती. करारानंतर वर्षभरातच जर्मन शिष्टमंडळ कुवेतला आलं आणि मुबारक यांनी त्यांना नकार दिला. म्हणजे दोघांनीही सौदा केला. एकाने सिंहासन वाचवलं, दुसऱ्याने बंदर. पण त्या सौद्यात जे विकलं गेलं ते एकट्या मुबारक यांचं नव्हतं. कुवेतचे मोत्यांसाठी बुड्या मारणारे पाणबुडे, बूम जहाजांवरचे खलाशी, मुंबई-कालिकतला खजूर नेऊन सागवान आणणारे व्यापारी, यांच्या राज्याचा आवाज विकला गेला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आवाज विकला की काय होतं, याचं उदाहरण १९२२ चं आहे. नज्दचे इब्न सौद, इराक आणि कुवेत यांच्या सरहद्दी ठरवायला उकैर नावाच्या बंदरावर बैठक झाली. इब्न सौद स्वतः हजर होते. इराकचा माणूस होता. कुवेतच्या वतीने कोण बसलं? कुवेतमधला ब्रिटिश पॉलिटिकल एजंट, मेजर मोर. सर पर्सी कॉक्स यांनी नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि कुवेत ज्या मुलखावर हक्क सांगत होता त्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग इब्न सौदकडे गेला. शेख अहमद अल जाबिर यांना हे नंतर कळलं. संरक्षकाने संरक्षिताची जमीन तिसऱ्याला दिली, आणि संरक्षिताचा वकील म्हणून सही करायला पुन्हा संरक्षकच. न्यायाधीशही तोच, वकीलही तोच. काळ्या कोटातल्या वकिलाने असं केलं असतं तर त्याची सनद गेली असती.

आता तेलाकडे येऊ. इथून गोष्ट बदलते, कारण आतापर्यंत दारावर उभे असलेले जर्मन, रशियन, तुर्क हे ब्रिटनचे प्रतिस्पर्धी होते. आता दार ठोठावायला आली अमेरिका, म्हणजे दोस्त.

अमेरिकन माणसं कुवेतला नवीन नव्हती. अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे उभं राहिलं होतं. १९२० मध्ये जहराच्या लढाईत इख्वानशी लढताना जखमी झालेल्या कुवेतींवर त्याच हॉस्पिटलात उपचार झाले. डॉक्टर चालत होते, दवाखाना चालत होता. पण अमेरिकेची तेल कंपनी आल्यावर चित्र पालटलं. मुबारक यांनी १९१३ मध्येच लिहून दिलं होतं की ब्रिटिश सरकारने सुचवलेल्या माणसाखेरीज तेलाचा ठेका कुणाला देणार नाही. त्यावर ब्रिटिशांनी अट घातली, ठेका फक्त ब्रिटिश कंपनीलाच. अमेरिकेच्या गल्फ ऑइल कंपनीने आपल्या सरकारकडे तक्रार केली आणि १९३१ पासून वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला. एप्रिल १९३२ मध्ये ब्रिटनने ती अट सोडली. त्याच सुमारास लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून आले अँड्र्यू मेलन, आणि गल्फ ऑइल ही मेलन घराण्याचीच कंपनी. राजदूत कुणाचा वकील होता, देशाचा की कंपनीचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

दोन कंपन्या, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन, शेख अहमद यांच्या दारात वर्ष-दीड वर्ष बोली लावत राहिल्या. शेख दोघांचंही ऐकत होते, घाई करत नव्हते. भाव वाढत होता. मग डिसेंबर १९३३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात समझोता केला, निम्मे-निम्मे भागीदार झाल्या आणि शेखसमोर एकच गिऱ्हाईक उरलं. २३ डिसेंबर १९३४ रोजी कुवेत ऑइल कंपनीला ७५ वर्षांचा ठेका मिळाला. रॉयल्टी टनामागे ३ रुपये. बाजारात दोन व्यापारी असले तर शेतकऱ्याला भाव मिळतो, दोघांनी आतून हात मिळवले तर त्याच शेतकऱ्याचं काय होतं, हे आपल्या आंबा बागायतदारांना आणि कांदा उत्पादकांना समजावून सांगायची गरज नाही.

१९३८ मध्ये बुरगानला तेल सापडलं. मग महायुद्ध आलं, विहिरी बंद कराव्या लागल्या. युद्धात ब्रिटन आणि अमेरिका खांद्याला खांदा लावून लढत होते. पण १९४४ च्या सुरुवातीला, नॉर्मंडीवर सैन्य उतरण्याच्या काही महिने आधी, रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्यात तेलावरून तारा चालल्या होत्या. चर्चिलना शंका की अमेरिका इराक-इराणच्या तेलावर डोळा ठेवून आहे. रूझवेल्टना शंका की ब्रिटन सौदीत घुसतंय. दोघांनी एकमेकांना खात्री दिली की तसं काही नाही. ज्या अर्थी खात्री द्यावी लागली, त्या अर्थी काहीतरी होतंच. त्याच वर्षी अमेरिकेने सौदीच्या धहरानमध्ये आपली कॉन्सुलेट उघडली. सौदी स्वतंत्र राज्य होतं, तिथे ब्रिटनला नाही म्हणता येत नव्हतं. पण धहरानच्या समोर पाण्यापलीकडे बहारीन, आणि वर उत्तरेला कुवेत. तिथे मात्र ब्रिटनच्या मंजुरीशिवाय कुणाचाही प्रतिनिधी ठेवता येणार नव्हता. १८९९ ची शाई अजून ओली होती.

कॉन्सुलेट म्हणजे राजदूताची कचेरी नव्हे. उर्दूत आपण सिफारतखाना आणि कौन्सलखाना असा फरक करतो. कॉन्सुलचं काम साधं. आपल्या माणसाचा पासपोर्ट हरवला तर नवा देणं, कुणी मेला तर मय्यत घरी पाठवणं, मूल झालं तर नोंद करणं, कुणी तुरुंगात पडला तर जाऊन भेटणं, मालाच्या कागदांवर शिक्का मारणं. कुवेत ऑइल कंपनीची निम्मी मालकी अमेरिकन. १९४८ मध्ये तटस्थ प्रदेशातल्या कुवेतच्या हिश्शाचा ठेका तर पूर्णपणे एका अमेरिकन कंपनीला मिळाला. टेक्सास, ओक्लाहोमाचे कामगार तिथे राहत होते आणि त्यांच्या प्रत्येक कागदासाठी बसऱ्याला किंवा धहरानला धावावं लागत होतं. शिवाय कुवेतमधल्या परदेशी माणसावर खटला चालायचा तो ब्रिटिश पॉलिटिकल एजंटच्या कचेरीत. कुवेतसाठीच्या १९२५ च्या शाही आदेशाने ते अधिकार ब्रिटनला दिले होते. अमेरिकेला वाटत होतं की आपल्या माणसांसाठी आपला माणूस हवा. मागणी साधी होती.

मग इतक्या साध्या मागणीला दोस्ताने वर्षानुवर्षं टोलवाटोलवी का करावी? कारण कॉन्सुल पासपोर्टावर शिक्का मारतो हे खरं, पण तो शहरात राहतो हेही खरं. तो शेखच्या दिवाणखान्यात कॉफी प्यायला जाईल. व्यापाऱ्यांशी बोलेल. संध्याकाळी आपल्या सरकारला पत्र लिहील. आजवर जगाला कुवेतबद्दल जे कळत होतं ते एकाच खिडकीतून, आता दुसरी खिडकी उघडणार. त्याहून मोठी अडचण म्हणजे कॉन्सुल नेमला की ज्या राज्यात तो जातो त्या राज्याने त्याला मान्यतापत्र द्यावं लागतं. कुवेतमध्ये ते कुणी द्यायचं? शेखने दिलं तर कुवेत हे राज्य ठरतं आणि ब्रिटनची मधली जागा हलते. ब्रिटनने दिलं तर अमेरिकेने ब्रिटनचा हक्क कबूल केला असं होतं. एका कागदावर कुणाची सही, एवढाच प्रश्न. पण त्या सहीत अख्खं साम्राज्य होतं. आणि एकदा अमेरिकेला दार उघडलं की उद्या शेजारचा कुणी आला तर त्याला काय तोंडाने नाही म्हणायचं?

शेवटी १९५१ मध्ये अमेरिकेची कॉन्सुलेट कुवेतमध्ये उघडली. वर्ष लक्षात घ्या. त्याच वर्षी मुसद्देक यांनी इराणच्या तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, अबादानची रिफायनरी ब्रिटनच्या हातून गेली आणि कुवेतचं तेल एकदम सोन्याचं झालं. शेजारच्या सौदीने १९५० अखेरीस अमेरिकन कंपनीकडून निम्मा नफा मिळवला होता. कुवेतचे नवे शेख अब्दुल्ला अल सालिम यांनीही १९५१ मध्ये तोच निम्म्याचा करार पदरात पाडून घेतला. टनाला ३ रुपयांवरून निम्म्या नफ्यावर! बहारीनमध्ये मात्र ब्रिटनचा हट्ट टिकला. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या ब्रिटिश नाविक तळावर अमेरिकन युद्धनौका ये-जा करत होत्या, पण अमेरिकेची स्वतःची वकिलात तिथे यायला १९७१ उजाडलं, म्हणजे बहारीन स्वतंत्र होईपर्यंत. तोफा चालतील, पण पत्र लिहिणारा कारकून नको.

या सगळ्यातून मी काय घेते ते आता सांगते, कारण नुसता इतिहास सांगायला हा लेख लिहायला घेतला नाही.

पहिली गोष्ट. आपल्या मोहल्ल्यात, मशिदीबाहेरच्या गप्पांत आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर, एक वाक्य वारंवार ऐकू येतं, "ते सगळे आतून एकच आहेत." मला हे वाक्य आवडत नाही. ते चुकीचं आहे म्हणून नाही, कधी कधी ते खरंही ठरतं. १९३३ मध्ये दोन्ही कंपन्या खरोखरच आतून एक झाल्या. पण ते वाक्य आपल्याला आळशी करतं. सगळे एकच असतील तर वाचायचं काय, समजून घ्यायचं काय, करायचं काय? कुवेतची गोष्ट सांगते की दोस्तांतही फट असते, आणि दुबळ्याची सगळी कमाई त्या फटीतून येते. शेख अहमद यांनी बोली वाढवली ती त्या फटीमुळे. फट बुजली तिथे भाव थांबला. ज्याला फट ओळखता येत नाही, तो कायम भिंतीलाच दोष देत बसतो.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. अमेरिकेने ब्रिटनच्या मक्तेदारीला धक्का दिला म्हणून ती कुवेतची तारणहार ठरत नाही. तिला आपल्या माणसांसाठी आणि आपल्या तेलासाठी दार हवं होतं. दार शेखने उघडावं की संरक्षकाने, यावर दोन दोस्त वाद घालत होते. दाराआडच्या माणसांना काय हवंय, हा त्या वादातला मुद्दाच नव्हता.

तिसरी गोष्ट. काही वाचक म्हणतील, संरक्षण नसतं तर कुवेत उरलंच नसतं. तुर्कांनी गिळलं असतं, नाहीतर इब्न सौदने, नाहीतर इराकने. हा मुद्दा हलका नाही. १९ जून १९६१ रोजी १८९९ चा करार संपला, कुवेत स्वतंत्र झालं आणि सहा दिवसांत इराकच्या कासिम यांनी कुवेत आमचंच म्हणून दावा ठोकला. जुलैच्या पहिल्या तारखेला ब्रिटिश सैन्य पुन्हा कुवेतमध्ये उतरलं. लहान राज्याला मोठ्याचा आधार लागतो, हे मान्य. पण आधार देणं आणि जीभ मागणं यात फरक आहे. १९६१ मध्ये शेख अब्दुल्ला यांनी मदत मागितली ती स्वतंत्र राज्याचा प्रमुख म्हणून, आणि त्यांचा देश पुढे १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत स्वतःच्या तोंडाने बोलायला बसला. १९२२ ला उकैरमध्ये जे झालं ते पुन्हा झालं नाही. मदत तीच, मदत करणारा तोच. फरक एवढाच की आता कुवेतचा वकील कुवेतचा होता.

याचं मोल मला पुस्तकातून कळलं नाही, मामूंकडून कळलं. १९९० च्या ऑगस्टमध्ये ते कुवेतमध्ये होते. २ तारखेला सद्दामचं सैन्य शिरलं. काही दिवसांत इराकने जाहीर केलं की कुवेत नावाचा देशच नाही, तो आमचा भाग आहे. आणि मग पहिल्या हुकमांपैकी एक काय होता? कुवेतमधल्या सगळ्या वकिलाती २४ ऑगस्टपर्यंत बंद करा. देश नाही तर वकिलात कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला १८ ऑगस्टला ठराव क्रमांक ६६४ करून सांगावं लागलं की हा हुकूम मागे घ्या. मुबारक यांच्या कराराचा आणि सद्दामच्या हुकमाचा धागा एकच आहे. ज्याला दुसऱ्याचं राज्य मुठीत ठेवायचं असतं, तो आधी त्याच्या दारात कोण उभं राहील हे ठरवतो.

भारताने आपला दूतावास बसऱ्याला हलवला. मामू आणि त्यांच्या खोलीतले लोक बगदादमार्गे जॉर्डनमध्ये अम्मानला पोचले. तिथून विमानाने मुंबई. तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीय असे परत आले, एअर इंडियाची विमानं दोन महिने अम्मानच्या फेऱ्या मारत होती. मी तेव्हा लहान होते. मामू घरी आले तेव्हा हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत पासपोर्ट. नानी त्यांच्याकडे बघून रडत होत्या आणि ते सांगत होते, "अम्मा, वाळवंटात लाखो माणसं होती. ज्याला आपला म्हणणारा कुणीतरी कचेरीत बसलेला होता, तो निघाला. ज्याचं कुणी नव्हतं, तो बसून राहिला." कॉन्सुलेट म्हणजे काय याची इतकी नेमकी व्याख्या मला बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही.

आणि म्हणून शेवटची गोष्ट, जी काहींना बोचेल. आपण मुसलमान १८९९ च्या करारावर चिडतो, ते ठीकच आहे. पण आपल्या वस्तीत असे करार रोज होतात. प्रत्येक मोहल्ल्यात एखादा भाईसाहेब असतो, जो सगळ्यांचं संरक्षण करतो असं मानलं जातं. रेशनकार्डापासून पोलिसठाण्यापर्यंत त्याच्याचमार्फत जायचं. दुसरं कुणी, दुसऱ्या पक्षाचं, एखादी संस्था, एखादी बाई मोहल्ल्यात बैठक घ्यायला आली तर आधी त्याची परवानगी. निवडणुकीला आपलं मत काय हे तोच वर जाऊन सांगतो. मुलींच्या शिक्षणाबद्दल, तलाकबद्दल, नोकऱ्यांबद्दल आपलं म्हणणं काय हेही तोच सांगतो. आपल्याला उकैरची बातमी नंतर कळते, रेघ ओढून झाल्यावर. भाईसाहेब वाईटच असतो असं नाही, कधी तो खरोखर धावून येतो. पॉलिटिकल एजंटही कधी कधी धावून येत होते. प्रश्न त्याच्या नीयतीचा नाही, आपल्या दाराच्या किल्लीचा आहे. आपल्या दारात कोण येईल आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे आपण ठरवतो का?

या वर्षी आठवीच्या त्या मुलाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी त्याला एवढंच सांगितलं, "बेटा, वकिलात म्हणजे परक्या गावात आपलं ऐकून घेणारं एक दार. ते दार आहे का ते बघायचं, आणि त्याची किल्ली कुणाच्या खिशात आहे तेही बघायचं." त्याने वहीत फक्त पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं परीक्षेत येत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक आहे.